पाच जूनचा एल्विस की दोन जुलैचा?

नंद्याचं म्हणणं असं की गाणं म्हणजे रेकॉर्ड, टीव्हीवर केलं ते बघण्यापुरतं. विषय होता अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्लीचं 'हाउंड डॉग' (म्हणजे शिकारी कुत्रा). पम्याने फोनवर १९५६ च्या मिल्टन बर्ल शोचा, म्हणजे अमेरिकेतल्या एका टीव्ही कार्यक्रमाचा व्हिडिओ लावला होता, आम्ही पाच जण एवढ्याशा स्क्रीनवर वाकलेलो, आणि गाणं संपायच्या आत नंद्या म्हणाला, "ड्रम तर नीट ऐकूच येत नाहीयेत, ओरिजिनल लाव ना." मी म्हटलं, अरे ओरिजिनल कुठलं? हे जूनमधलं आहे, रेकॉर्ड जुलैतली, आधी हे झालंय मग ते. झालं, पुढचे दीड-दोन तास कोणी घरी जायचं नाव काढलं नाही.

आधी तो व्हिडिओ सांगतो कारण सगळं त्याच्यावरच आहे. ५ जून १९५६, एनबीसी ह्या अमेरिकन टीव्ही कंपनीचा शो, लॉस एंजेलिस. एल्विस २१ वर्षांचा. एरवी टीव्हीवर गिटार गळ्यात असायची, ह्या वेळी नाहीये, त्यामुळे हात मोकळे आणि अख्खा माणूस कॅमेऱ्यासमोर उघडा. गाणं फास्ट सुरू होतं, मागे स्कॉटी मूर गिटारवर, बिल ब्लॅक बासवर, डी. जे. फोंटाना ड्रमवर. गाणं संपल्यासारखं होतं आणि एल्विस हात वर करून बँडला थांबवतो, आणि तेच गाणं निम्म्या लयीत परत सुरू करतो. ढिम्म लय. माइकचा स्टँड तिरका धरलाय, पाय आतल्या बाजूला वळतायत, गुडघे हलतायत, प्रेक्षकांत काही हसतायत, काही किंचाळतायत, आणि हसणं कुठे संपतं नि किंचाळणं कुठे सुरू होतं ते कळतच नाही. ह्यातला ड्रम बघा म्हणजे कळेल मी काय म्हणतोय ते. फोंटाना आधी बर्लेस्कच्या, म्हणजे कपडे उतरवत नाचण्याच्या क्लबांत वाजवायचा, तिथे बाई कंबर हलवेल तिथे ठोका द्यायचा हेच काम, आणि इथे तो एल्विसच्या पायांवर नजर ठेवून तेच करतोय. पाय झटकला की ठोका. म्हणजे लय ड्रमरने दिलेली नाहीये, पायांनी दिलीये.

नंद्या साउंडचं काम करतो, ऑर्केस्ट्रा, गणपतीतले कार्यक्रम वगैरे, त्यामुळे त्याचा मुद्दा हवेतला नव्हता. तो म्हणाला हा व्हिडिओ मुळात किनेस्कोप आहे, म्हणजे तेव्हा कार्यक्रम लाइव्ह जायचा आणि तो जपायचा तर टीव्हीच्या स्क्रीनसमोर फिल्मचा कॅमेरा लावून शूट करायचे. चित्र धुरकट, आवाज त्याहून वाईट, गाणाऱ्याचा माइक पुढे आणि बँड कुठेतरी पाठीमागे. "तुम्ही ज्याला अस्सल म्हणताय ना ती फोटोची झेरॉक्स आहे," तो म्हणाला. आणि दुसरीकडे रेकॉर्ड, २ जुलै १९५६, न्यूयॉर्कमधला आरसीए ह्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ, एका गाण्याचे ३१ टेक, म्हणजे तेच गाणं ३१ वेळा रेकॉर्ड. एकतीस! एल्विस स्वतः थांबवून परत परत गायला, कंपनीचे लोक म्हणतायत झालं छान झालं आणि हा म्हणतोय अजून एक घेऊ. त्याने जे ३१ वेळा घासून पसंत केलं ते त्याचं खरं काम की एका रात्री घाईगडबडीत टीव्हीवर केलं ते खरं? नंद्याचा हा प्रश्न चांगला होता, मान्य.

पण मी त्याला विचारलं, ह्या ३१ टेकमध्ये काय चाललं होतं? आजच्यासारखं नव्हे, की आधी ड्रम, मग गिटार, मग गायकाने हेडफोन लावून एकेक ओळ वेगळी गाऊन जोडायची. सगळे एका खोलीत, जॉर्डनेअर्स नावाचा गायकांचा ग्रुप कोरसला आणि टाळ्या वाजवायला, आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत एकदम. चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून. म्हणजे ती रेकॉर्डही लाइव्हच आहे की, ३१ वेळा लाइव्ह. नंद्या म्हणाला बरोबर, म्हणूनच ती जास्त भारी, कारण लाइव्हचा जोर पण आहे आणि फोंटानाचे ड्रमवरचे कडव्यांमधले ते धडाधड रोल पण स्वच्छ ऐकू येतात. त्याने ते तोंडाने वाजवूनही दाखवले. ह्यावर मला लगेच उत्तर सुचलं नाही.

मग मुग्धाने विचारलं, मध्ये महिनाभर काय झालं? पम्याने स्टीव्ह ॲलनचा शो लावला, हाही टीव्हीवरचाच. ज्यांनी बघितला नाहीये त्यांनी बघाच. बर्लच्या शोनंतर पेपरवाल्यांनी एल्विसला फाडून खाल्लं होतं, न्यूयॉर्क टाइम्सच्या समीक्षकाने तर ह्याला गाण्याचं काही अंगच नाही अशा अर्थाचं लिहिलं. ॲलनने त्याला बोलावलं पण अटीवर, शोभेल असं काहीतरी करायचं. १ जुलैला रविवारी रात्री न्यूयॉर्कहून लाइव्ह, एल्विसला शेपटीचा काळा कोट आणि पांढरा बो घातलाय, आणि समोर उंच स्टुलावर खराखुरा बॅसेट हाउंड कुत्रा बसवलाय, त्याला पण नटवलंय. आणि हे गाणं त्या कुत्र्याला उद्देशून म्हणायचं. पाय हलवायचे नाहीत. पोरगा बिचारा हसतमुखाने करतो सगळं, कुत्र्याचं तोंड आपल्याकडे वळवतो, लाड करतो, प्रेक्षक खूष. मुग्धा म्हणाली, "अपमान आहे हा सरळ सरळ." शिरीषकाका म्हणाले, "हो ना. आणि त्या रात्री ॲलनने त्याच वेळी दुसऱ्या चॅनेलवर असणाऱ्या एड सुलिवनच्या शोला रेटिंगमध्ये मागे टाकलं."

हे रविवारी रात्री. आणि सोमवारी त्याच शहरात ती रेकॉर्ड. बाहेर पोरंपोरी पाट्या घेऊन उभी, आम्हाला खरा एल्विस पाहिजे असं लिहिलेल्या. आता रेकॉर्डची सुरुवात ऐका. आधी गिटार नाही, ड्रम नाही, काही म्यूझिक नाही, थेट आवाज अंगावर येतो, खरखरीत, दात आवळल्यासारखा. माझं म्हणणं हे की ती ओळ कुत्र्याला उद्देशून नाहीये, आदल्या रात्रीच्या लोकांना आहे.

पम्या इथे उसळला. "तुला तारीख माहीत आहे म्हणून तुला राग ऐकू येतोय. तारीख सांगितली नसती तर तू म्हणाला असतास काय मस्त पार्टी साँग आहे. ३१ टेक घेतले की कुणाचाही आवाज घासतो." हा मुद्दा मी नंतर बराच वेळ डोक्यात घोळवला आणि मला तो अर्धाच पटतो. आवाज घासला असेल, पण ३१ टेक घ्यायला लावलं कोणी? स्वतःनेच ना. आणि दोनच दिवसांनी, ४ जुलैला मेम्फिसच्या रसवुड पार्कमध्ये गावच्या लोकांसमोर त्याने स्टेजवरून सांगितलं की न्यूयॉर्कची ती माणसं मला बदलू शकणार नाहीत, आज खरा एल्विस दाखवतो. एक, दोन, चार जुलै. चार दिवसांत एवढं घडल्यावर मधल्या दिवसाची रेकॉर्ड कोरी कशी राहील?

काका इतका वेळ फारसं बोलले नव्हते. ते म्हणाले तुम्ही दोघंही ओरिजिनलवर भांडताय आणि ओरिजिनल बाई बाजूलाच राहिली. बिग मामा थॉर्नटन, १९५२ ला रेकॉर्ड, १९५३ ला बाजारात, कृष्णवर्णीयांच्या आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या यादीत सात आठवडे एक नंबर. लीबर आणि स्टोलर ह्या जेमतेम एकोणीस वर्षांच्या दोन पोरांनी तिच्यासाठी लिहिलेलं. तिच्या गाण्यातला कुत्रा म्हणजे खराखुरा कुत्रा नाही, घरी येऊन आयतं खाणाऱ्या फुकट्या पुरुषाला ती हाकलतेय. एल्विसने घेतलं ते तिच्याकडून नव्हे, फ्रेडी बेल अँड द बेलबॉइज नावाच्या बँडकडून, १९५६ च्या वसंतात लास वेगासला ह्याचे शो पडत होते तेव्हा त्यांना स्टेजवर बघून. शब्द त्यांनी बदलले, 'तू कधी ससा पकडला नाहीस' वगैरे ओळ त्यांनी आणली. म्हणजे हे गाणं एल्विसकडे आलंच मुळात डोळ्यांतून. काका हे सहज बोलून गेले पण मला त्या रात्रीचं सगळ्यात पटलेलं वाक्य ते. (आणि काकांनी हेही सांगितलं की तो स्टोलर जुलै १९५६ मध्ये युरोपहून परत येताना आन्द्रेआ दोरिया जहाजावर होता, ते बुडालं, हा वाचून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला तर लीबरने बातमी दिली, आपलं हाउंड डॉग हिट झालंय, कोण्या एल्विस प्रेस्लीचं.)

मग मुग्धाने मला जे दोन तास सापडत नव्हतं ते काढलं. ती गाणं शिकते, म्हणाली की आपल्याकडे तबकड्या आल्या तेव्हा तासाचा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या ऐक, एक सूर वाया घालवलेला नाही, पण म्हणून बैठक तशी व्हायची असं कोणी म्हणत नाही. बैठकीत समोरच्याची मान हलली की गवई ती जागा परत घेतो, तबकडीत मान हलवायला कोण आहे? "तो शेवटचा संथ भाग रेकॉर्डवर का नाहीये सांग," ती नंद्याला म्हणाली. आणि खरंच नाहीये. रेकॉर्ड सव्वादोन मिनिटांत त्याच वेगात संपते. बर्लच्या शोमध्ये ज्याच्यावरून अमेरिकेत एवढा गदारोळ झाला तो भागच रेकॉर्डवर नाही.

नंद्या म्हणाला, ठेवून उपयोग काय, पाय दिसल्याशिवाय तो भाग नुसता रेंगाळलेला वाटेल. मी म्हटलं हेच तर मी मघापासून सांगतोय! तो भाग पायांचा आणि ड्रमचा आहे. एल्विसला हे कळलं असणार म्हणून स्टुडिओत त्याने पायांचं काम दुसऱ्यांना वाटून दिलं, जे पाय करत होते ते फोंटानाचे रोल आणि मागच्या टाळ्या करतायत. त्या रेकॉर्डचे रोल इतके पुढे आलेत कारण बघायला काही नाहीये. नंद्या ह्यावर गप्प झाला, मग म्हणाला, "म्हणजे रेकॉर्डच जास्त हुशार." घ्या.

एल्विस नंतर सुलिवनच्या शोवरही आला, पण त्या विषयावर आमचा फार वेळ गेला नाही. ९ सप्टेंबरचा पहिला शो सुमारे सहा कोटी लोकांनी बघितला, तोपर्यंत रेकॉर्ड घरोघरी पोचलेली, 'डोन्ट बी क्रूएल' मागच्या बाजूला, दोन्ही मिळून ११ आठवडे एक नंबर. त्यामुळे तिथे तो रेकॉर्डचं गाणं गातो आणि लोक रेकॉर्डचं गाणं ऐकतात. ६ जानेवारी १९५७ ला तर कॅमेरा कमरेच्या वरच ठेवला. पम्या म्हणाला एल्विसचा १९६८ चा टीव्हीवरचा काळ्या लेदरवाला शो काढू, त्यातही हे आहे, पण तिथे तो ते उरकून टाकतो, मला त्यात जीव वाटत नाही. त्या शोमधली बाकीची गाणी वेगळा विषय, त्यावर स्वतंत्र बसू.

शेवटी मी एवढंच मागितलं की कुणाला ऐकवायचंच असेल तर तारखेने ऐकवा. आधी बिग मामा, मग ५ जून, मग १ जुलैचा कुत्रा पूर्ण, मध्ये न हसता, आणि लगेच २ जुलैची रेकॉर्ड. नंद्याने अट घातली की रेकॉर्ड फोनवर नाही, त्याच्या गोडाउनमध्ये मोठ्या स्पीकरवर, आणि मोनोच, म्हणजे मूळ एकाच ट्रॅकचा आवाज, मोनोवरूनच नंतर बनवलेला तो खोटा स्टिरिओ चालणार नाही. ही अट मला शंभर टक्के मान्य आहे. रविवारी दहाला, काका स्वतःची कॅसेट घेऊन येणारेत.