काडी मोडली म्हणून अख्खा चष्मा टाकायचा?

आज डोकं फिरलंय. आईच्या चष्म्याची एक काडी बिजागरीपाशी तुटली. काचा ठणठणीत, एक चरा नाही, नंबरही तोच. दुकानात उत्तर काय मिळालं, तर "मॉडेल बंद झालंय, काडी मिळणार नाही, नवीन घ्या." नीट हातात घेऊन बघितलंसुद्धा नाही हो!

नवीन म्हणजे नुसती फ्रेम नव्हे. आईच्या काचा प्रोग्रेसिव्ह आहेत, म्हणजे एकाच काचेतून लांबचं, मधलं आणि जवळचंही दिसतं अशा. फ्रेममध्ये बुबुळ नेमकं कुठे येतं ते मोजून बसवलेल्या. काच घासून लहान करता येते, मोठी नाही. म्हणजे दुसऱ्या फ्रेमचा आकार लहान हवा आणि बुबुळाचं मापही जुळायला हवं. नाही जुळलं की धडधाकट काचा कचऱ्यात. कशापायी? नखाएवढ्या बिजागरीपायी.

तीही स्प्रिंगची. विकताना केवढं कौतुक, काडी बाहेरच्या बाजूलाही वाकते म्हणून! पण ती स्प्रिंग इवल्याशा डबीत बंद असते. बिघडली की बहुतेक ठिकाणी हातच लावत नाहीत. साध्या बिजागरीचा स्क्रू पडला तर दुसरा बसवता येतो. मान्य, स्प्रिंगमुळे चष्मा सैलसर, सुखाने बसतो. मग तिच्या काड्या सुट्या ठेवा ना! घड्याळाचा पट्टा तुटला म्हणून कुणी घड्याळ फेकायला सांगतं का?

आई दुपारभर एका काडीवर चष्मा तोलत, दुसरी बाजू हाताने धरून बसली होती. औषधाचं पाकीट वाचायचं तर एक हात चष्म्याला, एक पाकिटाला. गोळी काढायला तिसरा हात कुठून आणायचा तिने? आणि तोंडातून तक्रारीचा शब्द नाही. "राहू दे गं, चालतंय," म्हणाली. त्याचाच जास्त त्रास झाला मला.

ज्यांचा नंबर मोठा आहे त्यांना विचारा, चष्म्याशिवाय एक दिवस म्हणजे काय असतं ते. जगात किमान १०० कोटी लोकांची दृष्टीची अडचण टाळता आली असती किंवा तिच्यावर अजून इलाजच झालेला नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. कितीतरी जणांना तर नुसता चष्मा हवा आहे. आणि इथे चांगल्या काचा टाकून द्या म्हणे.

ते झटपट चिकटणारं डिंक सुचवू नका, प्लीज. त्याच्या वाफेने काचेवर पांढरट थर धरतो, आणि बिजागरीचा जोर त्याला पेलतही नाही. आईची फ्रेम धातूची आहे, म्हणजे डाख देऊन किंवा लेझर वेल्डिंगने जुळायची शक्यता आहे. फक्त आधी काचा काढून घ्यायला हव्यात, उष्णतेने त्यांच्यावरचं कोटिंग तडकतं. असं काम मन लावून करणारा कारागीर कुणाला माहीत असेल तर आजच कळवा. आणि पुढची फ्रेम घेताना आधी विचारा, सुटी काडी मिळेल का. मीही आता ते विचारल्याशिवाय फ्रेमला हात लावणार नाही.