एक स्टार आणि जुलैतली सुरमई

जुलैत ताजी सुरमई मिळाली नाही म्हणून तारकर्लीच्या वाटेवरच्या आमच्या बाबूच्या न्याहारी निवासाला गुगल मॅप्सवर एक स्टार पडला. 'शिळे फ्रोझन मासे, मालक उर्मट.' एवढंच. पण भरड नाक्याजवळच्या कट्ट्यावर त्या दिवशी दुसरा विषयच निघाला नाही.

बाबू तापलेला. "1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींका बंदी. मग ताजी सुरमय मी खयसून हाडतलंय? आभाळातसून? माका उर्मट म्हणता!"

भाईचा पूर्वी फ्लेक्सचा धंदा होता, आता तो पाच-सहा हॉटेलांचं इन्स्टाग्राम सांभाळतो. त्याच्याकडे इलाज तयार होता. "वीस जणांक पाच-पाच स्टार टाकूक सांग. तो एक खालती जातलो. आणि शनिवारी माझो एक रीलवालो येता, तेका दोन रात्री फुकट ठेव."

दाजींनी विडी विझवली. "काय नको. उत्तरच देव नको. चार दिवसांनी कोणाक आठवतला?"

दाजी असं बोलले, तेव्हा त्यांच्या खिशातला फोन तिसऱ्यांदा वाजला होता. देवगडची बाग आहे त्यांची. वडिलांच्या काळात पेट्या वाशीला जायच्या, दलाल पट्टी पाठवायचा, विषय संपला. आंबा कोणी खाल्ला, गोड लागला की नाही, ते बागायतदाराला कधी कळायचंच नाही. आता कापलेल्या आंब्याचा फोटो थेट व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, आत साका, म्हणजे गर पांढुरका, स्पंजासारखा झालेला. साका बाहेरून दिसत नाही, हे बागेतल्या माणसाला ठाऊक. ठाण्याच्या गिऱ्हाइकाला वाटतं आपल्याला फसवलं. दाजी वाद घालत नाहीत. साका म्हणजे काय ते दोन ओळींत लिहितात आणि पुढच्या पेटीत तेवढे फळ जास्त घालतात. 2018 साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी बाहेरचा आंबा 'देवगड' छापलेल्या खोक्यात विकला जातोच. म्हणून देवगडच्या उत्पादक संस्थेने 2025च्या हंगामात फळावर कोडचे स्टिकर आणले. गिऱ्हाईक कोड व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून खातरजमा करतं. त्यावरही दाजींना फोन येतात. दिवसभर उत्तरंच देणारा हा माणूस बाबूला सांगत होता, गप रव!

मी तसं म्हटलं, तर दाजी म्हणाले, "ता वेगळा. माझा गिऱ्हाईक माझ्याशी बोलता. ह्येचा सगळ्या गावासमोर."

खरा फरक तोच आहे. फोटो पाठवणाऱ्याला दाजी उत्तर देतात ते त्या एकट्यासाठी. बाबूचं उत्तर तो एक स्टारवाला बहुधा वाचणारसुद्धा नाही. वाचणार ती दिवाळीत मालवणला यायचं ठरवणारी अनोळखी माणसं. तक्रार त्यांच्यासमोर झालीय, आणि मालक कसा बोलतो ते त्यांना बघायचंय.

भाईला हे पटलं, पण उलट्या बाजूने. "म्हणजे फास्ट रिप्लाय व्हयो. आपल्या राजापूर मतदारसंघाचे जुने खासदार, सुरेश प्रभू! रेल्वेमंत्री होते तेव्हा गाडीतसून ट्विट केला की पुढच्या स्टेशनावर माणूस हजर."

"आणि 2017च्या ऑगस्टात गाड्या रुळावरून घसरल्या, तेव्हा?" मास्तर म्हणाले. मास्तर निवृत्त झाले, तपासणं सुटलेलं नाही. "ट्विटरान रूळ सांधले जायत नाय, भाई. प्रभूंनी स्वतः नैतिक जबाबदारी घेतली, ती त्यासाठीच."

मग मास्तरांनी मॅगी काढली. 2015च्या जूनमध्ये शिशाच्या प्रमाणावरून देशभर बंदी आली. नेस्लेचं म्हणणं एकच, आमचा माल सुरक्षित आहे. 13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द करून नव्याने तपासण्या करायला सांगितलं आणि नोव्हेंबरात मॅगी दुकानात परत आली. पण मधल्या काळात घराघरांत आया घाबरल्या होत्या, आणि कंपनीची उत्तरं साच्यातून काढल्यासारखी वाटत होती. याच्या उलट उदाहरण 1982चं. शिकागोत टायलेनॉल या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सूलमध्ये कोणीतरी सायनाइड घातलं, सात माणसं गेली. जॉन्सन अँड जॉन्सनने देशभरातून सुमारे 3 कोटी 10 लाख बाटल्या परत मागवल्या. तेव्हा फेसबुक नव्हतं की काही नव्हतं. "लोकांनी बघितलं काय केलं ते," मास्तर म्हणाले. माझ्या मते मास्तर जरा सोपं करतात. टायलेनॉलवाल्यांना विचार करायला दिवस मिळाले. आज तेवढ्यात लाखभर लोकांनी निकाल देऊन टाकलेला असतो. पण मासेमारीच्या बंदीबाबत बाबूही बरोबरच आहे, आणि नुसतं बरोबर असून त्याचं भागणार नाही, एवढं खरं.

इतक्यात मसाल्याच्या बचत गटाची ताई रिक्षाची वाट बघत थांबली. कट्टा पुरुषांचा, त्यामुळे ती बसत नाही, उभ्यानेच बोलते. "रात्री अकराक मेसेज येता, ताई, मसालो किती तिखट? उत्तर कोण देतलो? मीच देतंय. सकाळी दिला तर तो दुसऱ्याकडसून घेता. तुमी चर्चा करतास, पण ह्या कामाचे पैसे कोण धरता?"

भाई गप्प झाला. तो महिन्याला हॉटेलवाल्यांकडून पैसे घेतो ते पोस्टचे. कमेंटांना उत्तरं मालकाची पोरं देतात, जमेल तशी.

शेवटी उत्तर तिथेच लिहिलं. बाबूचा पहिला मसुदा 'तुम्हाला माहीत नसेल तर' असा सुरू होत होता. मास्तरांनी तो खोडला. मग लिहिलं: जून-जुलैत यांत्रिक बोटींना बंदी असते, त्यामुळे सुरमई साठवणीतली होती. हे बुकिंगच्या वेळीच सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, ही आमची चूक. या दिवसांत खाडीचे मासे, कुर्ल्या आणि तिसऱ्या (शिंपल्या) मिळतात, पुढच्या वेळी आधी विचारूनच बेत ठरवू. 'उर्मट'बद्दल काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. ताई म्हणाली, "होतस तू उर्मट. सॉरी म्हण आणि मोकळो हो." बाबूने म्हटलं.

रीलवाल्याचा प्रश्न राहिला. मास्तर म्हणाले, फुकट राहणं हाही मोबदलाच. जाहिरात असेल तर तसं रीलमध्ये सांगायचं, हे जाहिरात क्षेत्राच्या अ‍ॅस्की या संस्थेने 2021 मध्ये आणि केंद्राच्या ग्राहक विभागाने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट केलंय. दिशाभूल केली तर दंड दहा लाखांपर्यंत जाऊ शकतो.

"जाहिरात म्हणून लिवला तर कोण बघतलो?" भाई.

"मगे तो येवदे," बाबू म्हणाला, "पण अर्धे पैसे दी म्हणान सांग. आणि सुरमय नाय गावाची, ता पण सांग तेका."

भाईने अजून त्याला फोन केलेला नाही.