पालक सहभाग बिनबोभाट पार पाडण्याविषयी

विशेष गरजा असलेल्या बालकांच्या शिक्षणाविषयी त्यांच्या पालकांचे मत घेतले पाहिजे, हा आग्रह आता इतक्या परिपत्रकांत शिरला आहे की, तो टाळणे कोणत्याही मुख्याध्यापकाला, केंद्रप्रमुखाला किंवा गटशिक्षणाधिकाऱ्याला शक्य राहिलेले नाही. आपण यांपैकी एखाद्या खुर्चीवर नव्याने बसला असाल, तर घाबरून जाऊ नये. मत घेणे आणि मत ऐकणे ही दोन निरनिराळी कामे आहेत, आणि तपासणीला येणारे साहेब त्यांपैकी पहिल्याचाच कागद मागतात.

धोका नेमका कोठे आहे, तेवढे मात्र आधी समजून घ्यावे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित गटातील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर जागा द्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीने दिव्यांग बालकांनाही याच वंचित गटात आणून बसवले. एवढ्यावर भागले असते तरी निभावले असते. परंतु कलम २२ ने या समितीला शाळा विकास आराखडा तयार करण्यास सांगितले, आणि शासनाने व स्थानिक प्राधिकरणाने द्यावयाच्या अनुदानांचा आधार तोच आराखडा असेल, असेही लिहून ठेवले. म्हणजे एखाद्या आईने पाण्याच्या नळाची उंची कमी करा असे म्हटले आणि ते आराखड्यात उतरले, तर कायद्याच्या दृष्टीने ती बाई सरकारी निधीच्या नियोजनात भाग घेत असते. (विनाअनुदानित खासगी शाळांना हे कलम लागूच नाही, तेथील सहकाऱ्यांचा हेवा वाटल्यास तो मनातच ठेवावा.)

त्यामुळे सदस्याची निवड ही यातली सर्वांत नाजूक बाब ठरते. निवड पालकसभेतून व्हावी असा नियम असल्याने सभा घ्यावीच, मात्र गावातील चार जाणत्या मंडळींशी बोलून नावे आदल्या संध्याकाळी ठरवून ठेवावीत. सभेचा वेळ वाचतो. दिव्यांग बालकाचा पालक म्हणून वडिलांचे नाव घालणे श्रेयस्कर, आणि त्यातही जो बाप दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघून जातो किंवा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतो, त्याला प्राधान्य द्यावे. मुलाला कडेवर उचलून शाळेत आणणे, दप्तरात जादा चड्डी ठेवणे, मधल्या सुट्टीत येऊन घास भरवणे ही कामे जी बाई रोज करते, तिला समितीत घेतल्यास ती बोलू लागते आणि तिच्या बोलण्यात तपशील असतात. महिलांची संख्या अन्य मार्गाने भरून काढता येते. सरपंचांच्या सूनबाईंचे मूल पहिलीत असेल तर तो प्रश्न मिटलाच म्हणायचा.

इतके करूनही ती बाई समितीत आलीच, तर सभा बुधवारी सकाळी अकराला ठेवावी. रोजंदारीवर जाणाऱ्या माणसाची त्या वेळेला येण्याने मजुरी बुडते, हे आपल्याला ठाऊक असण्याचे कारण नाही. सभेला येताना मुलाला सोबत आणू नये, तो मध्येच आवाज करतो, अशी सौम्य सूचना द्यावी. आणि त्याला घरी सांभाळायला कोणी नसल्याने ती आली नाही, तर ‘वारंवार कळवूनही अनुपस्थित’ असा शेरा इतिवृत्तात निःसंकोच घ्यावा. विषयपत्रिकेचा क्रम सांभाळावा. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, शालेय पोषण आहार, पटनोंदणी, रंगरंगोटी, झेंडावंदनाची तयारी, आणि सरतेशेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. विशेष गरजा असलेली बालके या शेवटच्या विषयात सुखाने नांदतात, कारण तोवर चहा झालेला असतो आणि अध्यक्षांची मोटारसायकल चालू झालेली असते.

आता मुख्य अडचणीकडे येऊ. पालकांना शिक्षणशास्त्रातले काही कळत नाही, असे आपण सभेत म्हणालात तर ते मान हलवतील. पण त्यांना जे कळते ते फार गैरसोयीचे असते. एक आई सांगेल की मुलगा आडदांड नाही, घंटेचा घण पडला की त्याला तो आवाज सोसत नाही म्हणून तो कान झाकून पळतो. घंटेआधी कोणी त्याच्या खांद्यावर हात ठेवून खूण केली तर तो जागेवर थांबतो. दुसरी सांगेल की फिट्सच्या गोळीने मुलीला सकाळी गुंगी असते, तेव्हा गणिताचा तास मधल्या सुट्टीनंतर ठेवाल का. एखादा बाप म्हणेल की श्रवणयंत्राची बॅटरी संपली की नवी तालुक्याहून आणीपर्यंत मूल वर्गात नुसते बसून राहते, तर शाळेच्या कपाटात दोन-चार बॅटऱ्या ठेवता येतील का. या मागण्यांतील खरा धोका असा की, त्यांना जवळजवळ पैसाच लागत नाही. ‘निधी उपलब्ध नाही’ हे आपले पिढ्यान्पिढ्यांचे उत्तर तेथे लागू पडत नाही.

यावर अनुभवी अधिकारी एक उपाय करतात, आणि तो मनापासून शिकून घेण्यासारखा आहे. मागणी नाकारू नये, ती मोठी करावी. खांद्यावर हात ठेवण्याच्या विनंतीचे रूपांतर ‘ध्वनिरोधक संसाधन कक्षाची आवश्यकता’ असे करून, अंदाजपत्रकासह तिचा प्रस्ताव गटसाधन केंद्रामार्फत जिल्हा परिषदेकडे रवाना करावा. दोन-चार बॅटऱ्यांचे रूपांतर तालुकास्तरीय श्रवण साहाय्य केंद्रात करावे. प्रस्तावाला जावक क्रमांक मिळाला की मागणीची दखल घेतली गेली असे होते, आईच्याही मनात कृतज्ञता दाटून येते, आणि घंटा पूर्वीप्रमाणे वाजत राहते.

बांधकामाच्या बाबतीत पालकांना शक्यतो लांबच ठेवावे. उतार एकास बारा असावा, म्हणजे दोन फूट उंचीच्या व्हरांड्याला चोवीस फूट लांबीचा रॅम्प लागतो, हे त्यांनी कोठे वाचलेले नसते. मूल बसलेली चाकांची खुर्ची रोज ढकलून त्यांच्या मनगटांना ते कळलेले असते. ठेकेदाराला मात्र सहा फुटांत काम उरकायचे असते, आणि अशा वेळी ठेकेदाराचे ऐकावे. युडायस या शाळांच्या सरकारी माहितीसंचात रॅम्प आहे का, कठडा आहे का, असे विचारतात. त्यावरून कोणी वर जाऊ शकते का, असे विचारत नाहीत. शिवाय पावसाळ्यात शिक्षकांच्या दुचाक्या व्हरांड्यात चढवायला तो सहा फुटी रॅम्प फार उपयोगी पडतो, त्यामुळे खर्च वाया गेला असेही कोणी म्हणू शकत नाही. दिव्यांगांसाठीच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावून आत खराटे आणि जुनी बाके ठेवावीत. किल्ली शिपायाकडे असते, आणि शिपाई बहुधा पंचायत समितीत गेलेला असतो.

दिव्यांग मुलांना द्यायच्या साहित्याच्या मोजमाप शिबिराविषयी थोडक्यात सांगतो. तालुक्याच्या ठिकाणी मुलांच्या पायांची, पाठीची, कानांची मापे घ्यावीत आणि साहित्य यथावकाश येऊ द्यावे. मधल्या काळात मुले वाढतात, हा दोष शिबिराचा नव्हे. समग्र शिक्षा या शालेय शिक्षणाच्या सरकारी योजनेत प्रत्येक दिव्यांग बालकामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद असते, हे पालकांना माहीत असण्याने कोणाचेच भले होत नाही. मदतनीस भत्ता आणि प्रवास भत्ता यांचे अर्ज मागणाऱ्याला आधी आधार जोडलेले बँक खाते, मग हजेरीचा दाखला, मग ४० टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र अशा क्रमाने एकेक कागद सांगावा. सर्व कागद एकाच दिवशी सांगून टाकणारा कारकून दयाळू असेल, पण त्याच्यामुळे भत्ते वाटावे लागतात. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातून दिव्यांगांसाठी राखून ठेवायच्या पाच टक्के निधीचेही तसेच आहे. त्यातून शाळेतल्या मुलांसाठी काय घ्यावे, असे पालकांना विचारत बसण्यापेक्षा वर्षअखेरीस सर्वांना सारखीच एखादी वस्तू वाटावी. वाटपाचा फोटो निघतो, विचारण्याचा निघत नाही.

विशेष शिक्षकांचा प्रश्न निघाला की आपले काम सोपे होते, कारण तेथे आपण खरोखरच हतबल आहात. प्राथमिक स्तरावर दहा आणि त्यापुढे पंधरा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक विशेष शिक्षक असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितले. आपल्याकडचे फिरते विशेष शिक्षक वर्षानुवर्षे करारावर, पदरचे पेट्रोल घालून शाळा पालथ्या घालत आले. ते आले की मुलापाशी किती वेळ बसले हे न पाहता भेटवहीत सही झाली की नाही ते पाहावे. खरे तर आपली अवस्थाही फारशी निराळी नाही. दोन शिक्षकांवर चार वर्ग, तांदळाचा हिशेब, मतदारयाद्या, ऑनलाइन माहितीचे तगादे, यांत आपल्यापाशी वेळ नाही, तसा त्या आईपाशीही नाही. फरक एवढाच की इतिवृत्ताची वही आपल्या ताब्यात आहे.

इतके उपाय थकले तर सत्कार करावा. ३ डिसेंबर हा जागतिक दिव्यांग दिन त्यासाठी सोयीचा आहे. जी आई सर्वाधिक प्रश्न विचारते, तिला व्यासपीठावर बोलावून शाल-श्रीफळ द्यावे. असे मूल देव निवडक मातांच्याच पोटी घालतो, असे एखाद्या मान्यवराने म्हणावे आणि गळा दाटून आल्यासारखे थांबावे. ज्या बाईला हजार माणसांसमोर माउली म्हटले गेले आहे, ती दुसऱ्या दिवशी कार्यालयात येऊन कमोडचे भांडे कधी बसवणार असे विचारू शकत नाही. विचारलेच तर ते माउलीला शोभत नाही, असे लोकच म्हणतात. प्रवास भत्त्यापेक्षा शाल स्वस्त पडते. फक्त व्यासपीठाला पायऱ्याच असल्यामुळे तिच्या मुलाला खालीच ठेवावे लागते, आणि तो खालून हाका मारतो, त्याची व्यवस्था आधी करावी.

पालकांना अजिबातच दुर्लक्षित ठेवणेही शहाणपणाचे नाही, हे इतिहास सांगतो. मुंबईत आपल्या मुलीला योग्य अशी शाळा सापडेना, तेव्हा वकील आडनावाच्या दांपत्याने १९४४ साली स्वतःच शाळा काढली, आणि आज जय वकील शाळा म्हणून ती शिवडीत उभी आहे. सेरेब्रल पाल्सी (मेंदूचा पक्षाघात) असलेल्या आपल्या मुलीसाठी मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये मुंबईतच स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडियाची सुरुवात केली. पालकांना मोकळे सोडले की ते असे काहीतरी उभे करून ठेवतात, आणि मग येणारे-जाणारे आपल्याला विचारतात की त्यांना जे जमले ते तुम्हाला का जमत नाही. त्यापेक्षा त्यांना समितीत घेऊन सभांत गुंतवून ठेवणे कितीतरी सुरक्षित.

एक अखेरची वाट कायद्यानेच करून ठेवली आहे, तिचा वापर मात्र हळुवारपणे करावा. तीव्र किंवा बहुविध अपंगत्व असलेल्या बालकाला गृहआधारित शिक्षण निवडण्याचा हक्क २०१२ च्या दुरुस्तीने दिला. हक्क बालकाचा असला तरी त्याची आठवण आपण करून द्यायला हरकत नाही. ‘ताई, एवढ्या उन्हात त्याला कशाला आणता, घरी शिक्षक येतील की,’ असे आपुलकीने म्हणावे. पट कायम राहतो, वर्ग शांत होतो, आणि घरी शिक्षक किती वेळा आले हे विचारायला समितीची सभा बुधवारी अकरालाच असते.

आता एवढे सगळे पाळूनही काही ठिकाणी गडबड होते, म्हणून सावध करतो. एखादी बाई नेमाने सभेला येते, मुलाला बरोबर घेऊन येते आणि सहीचा कागद पुढे केला की, वर काय लिहिले आहे ते वाचून दाखवा, असे म्हणते. ‘सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर’ हे वाक्य ऐकल्यावर, चर्चा कोणती, असे विचारते. तिच्याशी वाद घालू नये. तिचे म्हणणे पुढील सभेत घेऊ असे सांगावे आणि पुढील सभा लांबवावी. फार लांबवू मात्र नये. समितीची दर दोन वर्षांनी पुनर्रचना होते, अध्यक्ष पालकांतूनच निवडावा लागतो, आणि आपल्या बुधवारच्या सभांना कंटाळलेले इतर पालक त्या वेळी तिच्या बाजूने हात वर करण्याची शक्यता असते. शाळेच्या खात्याचा व्यवहार अध्यक्ष व मुख्याध्यापक यांच्या संयुक्त सहीने होतो. रॅम्पच्या ठेकेदाराचे देयक मग तिच्यासमोर ठेवावे लागेल, आणि ती आधी टेप घेऊन व्हरांड्यात जाईल.