सर्व माहिती एकाच ठिकाणी सापडत नाही

राज्यकारभारात एक मोठी सुधारणा चालू आहे. फीत कापतानाचा फोटो तुम्ही पेपरात पाहिला असेल. वेगवेगळ्या कार्यालयांच्या वेगवेगळ्या साइट बंद करायच्या आणि सगळी माहिती एकाच पोर्टलवर आणायची, म्हणजे नागरिकांची वणवण थांबेल. कल्पना उत्तम आहे, त्याबद्दल दुमत नाही. मी सध्या या सुधारणेचा लाभार्थी आहे. तुमचाही नंबर लागणारच, तेव्हा नवख्या लाभार्थ्यांच्या उपयोगी पडाव्यात अशा काही सूचना इथे लिहून ठेवतो.

सगळ्यात आधी मन मोकळं ठेवा. पोर्टलवर जाताना आपल्याला काय हवंय हे ठरवून जाऊ नका, तो अहंकार आहे. पोर्टलजवळ जे असेल तेच आपल्याला हवं होतं, अशी वृत्ती ठेवली की कधीच निराशा होत नाही. मुखपृष्ठावर मान्यवरांचे फोटो आहेत, ते क्रमाने बघा. ‘ध्येय व उद्दिष्टे’ वाचा. त्यात ‘पारदर्शक’, ‘गतिमान’ आणि ‘लोकाभिमुख’ हे तिन्ही शब्द आहेत ना, एवढी खात्री करून घ्या. ‘नवीन’ अशी लाल अक्षरं लुकलुकत असतील तिथे क्लिक केलं की सहा-सात वर्षांपूर्वीची बदल्यांची यादी उघडते, तिचा आस्वाद घ्या. जाताना तळाशी भेट देणाऱ्यांची संख्या एकाने वाढलेली दिसेल. ते तुमचं योगदान.

कॅप्चा चुकला तर आपण माणूस आहोत की नाही यावर शासनाशी वाद घालू नये.

ओटीपी सेशन संपल्यावर येतो. येतो, हे महत्त्वाचं.

वर उजवीकडे ‘शोधा’ अशी चौकट असते. ती शोभेची आहे. तिच्यात मराठी शब्द टाकलात तर काहीही सापडणार नाही, कारण मागे साठवलेल्या कागदांवर संगणकाच्या दृष्टीने अक्षरंच नाहीत, नुसती चित्रं आहेत. हे कसं घडतं ते समजून घेतलंत तर राग येणार नाही. लिपिक मजकूर संगणकावर टाइप करतो. त्याची प्रिंट काढतो. तिच्यावर सही-शिक्का होतो. मग तीच प्रिंट किंचित तिरकी ठेवून स्कॅन केली जाते आणि तिची पीडीएफ ‘स्कॅन ००१ फायनल नवीन’ अशा नावाने चढवली जाते. जो मजकूर जन्मला संगणकातच, तो संगणकालाच वाचता येऊ नये यासाठी एवढे कष्ट घेतले जातात आणि कुणी कौतुकही करत नाही! अंध माणसाला पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीन रीडरला त्यातलं एक अक्षरही कळत नाही. सरकारी साइट सगळ्यांना, अपंगांनाही वापरता आल्या पाहिजेत, यासाठीची मार्गदर्शक तत्त्वं एनआयसीने, म्हणजे केंद्र सरकारच्याच राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने, २००९ सालीच तयार केलेली आहेत. असू देत. कागद त्याहून जुना असेल तर तो युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात असतो. त्यातली ओळ कॉपी करून पाहा, रोमन अक्षरांचा भुगा हाती येतो.

एक चांगली गोष्ट मात्र सांगायलाच हवी. मंत्रालयातून निघणाऱ्या शासन निर्णयांवर डिजिटल सही असते, तळाशी तारखेपासून सुरू होणारा लांबलचक संकेतांक असतो, आणि तो टाकला की निर्णय बहुतेक वेळा खरोखर सापडतो. ज्या कुणी ही पद्धत बसवली त्यांना नमस्कार. पण हे भाग्य शासन निर्णयांचं. खालच्या कार्यालयांची परिपत्रकं, याद्या, मंजुरीचे आदेश, म्हणजे तुमच्या-माझ्या कामाचे कागद, यांना ना संकेतांक ना वाली.

कुठलीही लिंक जतन करून ठेवू नका. मोह होतो, आवरा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. आपलं काम ज्या कागदावर अडणार आहे तो कागद सरकारने काढला त्याच दिवशी आपण उतरवून, तीन प्रती काढून, तिजोरीत ठेवलेला असावा. आमच्या आत्याने ही दक्षता घेतली नाही. तिच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या फरकाचं प्रकरण एका कार्यालयात पडून आहे. या विषयावरचं ताजं परिपत्रक आमच्याजवळ आहे. ते एका वाक्याचं आहे. वर ‘वाचा’ म्हणून दोन जुन्या परिपत्रकांचे क्रमांक, आणि खाली, ‘वाचा क्रमांक २ येथील परिपत्रकाच्या परिच्छेद ४ मध्ये “अथवा” ऐवजी “आणि” असे वाचावे’. संपलं. आता आत्याला पैसे मिळणार की नाही हे कुठल्या ‘अथवा’चं ‘आणि’ झालंय त्यावर ठरणार, आणि ते जुनं परिपत्रक पाहिल्याशिवाय ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. टेबलावरचे साहेब म्हणाले, “काकू, ते जुनं परिपत्रक घेऊन या, मग बघू.”

“अहो, ते तुमच्याच कार्यालयाने काढलंय ना?”

“हो. साइटवर आहे. प्रिंट काढून आणा.”

साइटवर होतं, हे खरं. पण ती साइट पोर्टलमध्ये विलीन झाली आहे. जुना पत्ता टाकला की पोर्टलचं मुखपृष्ठ उघडतं आणि मान्यवर पुन्हा हसतात. ‘परिपत्रके’ या शीर्षकाखाली दोनच वर्षं दिसतात, त्याआधी जणू कार्यालय नव्हतंच. हेल्पलाइनवरचा मुलगा सभ्य होता, म्हणाला, आम्ही फक्त पोर्टल सांभाळतो, मजकूर विभागाचा असतो. विभाग म्हणतो, आम्ही सगळं आयटीकडे दिलं. आयटीवाले म्हणतात, जुनी साइट ज्या कंत्राटदाराकडे होती त्याचा करार संपला, डेटा त्याच्याकडे. कंत्राटदाराचा फोन नंबर कुठे मिळेल? पोर्टलवर.

पूर्वी हे असं नव्हतं, हेही लक्षात घ्या. पूर्वी साइट गचाळ असायची, पण ती कुणाची तरी असायची. त्या कार्यालयात एखादे जाधव भाऊसाहेब किंवा कुलकर्णी मॅडम असायच्या, त्यांना कुठला कागद कुठे चढवलाय ते माहीत असायचं, आणि नाही सापडला तर कपाट उघडून झेरॉक्स द्यायच्या. आता कपाटाकडे बोट दाखवलं की म्हणतात, सगळं ऑनलाइन झालंय. एका ठिकाणी आणलेल्या माहितीला ठिकाण आहे, मालक नाही. आणि एखाद्या विभागाची साइट पडली तर पूर्वी एकच विभाग बंद व्हायचा. आता ‘देखभालीचे काम सुरू आहे’ अशी एक पट्टी लागली की अख्खं सरकार बंद.

तरीही धीर सोडू नका. माहितीचा अधिकार आहे. हा कायदा १२ ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे लागू आहे, आणि महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा तर त्याच्याही आधी, २००२ सालचा होता. दहा रुपये भरायचे, माहिती कशासाठी हवी ते सांगावं लागत नाही, तीस दिवसांत उत्तर. आपल्या राज्याच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण १५० शब्दांत बसणारा असावा. बसवला. अर्जसुद्धा ऑनलाइनच केला, सुधारणेला हातभार म्हणून. जुन्या परिपत्रकाचा क्रमांक दिला, दिनांक दिला, प्रत मागितली. तीस दिवस उलटून गेल्यावर जन माहिती अधिकाऱ्यांचं सही-शिक्क्यानिशी, अर्थातच तिरकं स्कॅन केलेलं उत्तर आलं: ‘मागणी केलेली माहिती शासनाच्या अधिकृत संकेतस्थळावर उपलब्ध असून ती तेथून प्राप्त करून घ्यावी.’

यावर तुम्ही शांत राहावं असा सल्ला मी देणार होतो.

लिंक दिलेली नाही. कुठल्या शीर्षकाखाली, कुठल्या वर्षात, काही नाही. ज्या माणसाने हे उत्तर लिहिलं त्याने ते पोर्टल एकदा उघडून पाहिलं असतं तर त्यालाही ते परिपत्रक दिसलं नसतं. त्याने पाहिलेलंच नाही. तयार मसुद्यात अर्जाचा क्रमांक बदलला आणि पाठवून दिलं. असं उत्तर शेकडो अर्जांना जात असणार, कारण मसुदा फारच सफाईदार आहे.

कायद्याचं कलम ४ कुणी वाचलंय का त्या कार्यालयात? सगळ्यात पहिलं वाक्य पोर्टलबद्दल नाहीच. ते अभिलेखांबद्दल आहे: नोंदी नीट वर्गवारी करून, सूची करून ठेवा, म्हणजे माहिती देणं सोपं जाईल. मग पुढे सतरा बाबी आहेत, ज्या प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने कायदा झाल्यापासून १२० दिवसांत स्वतःहून प्रसिद्ध करायच्या होत्या. १२० दिवस! २००५ चे! आणि त्याच कलमात म्हटलंय, की इतकी माहिती आपणहून देत राहा की लोकांना या कायद्याचा आधार कमीत कमी घ्यावा लागेल. ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला माहिती आयोगांना सांगावं लागलं, की कलम ४ पाळलं जातंय की नाही यावर लक्ष ठेवा. म्हणजे कायद्याला अठरा वर्षं होत आल्यावर. सूची केली नाही, आणि पोर्टल केलं. आधी नीट लावलेलं नसेल तर एका ठिकाणी आणून काय होणार?

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नका. राजस्थानात १९९६ साली ब्यावरला मजूर आणि शेतकरी चाळीस दिवस धरणं धरून बसले होते, हिशेब दाखवा म्हणून. त्याच राज्याने १३ सप्टेंबर २०१९ ला जन सूचना पोर्टल सुरू केलं, याच कलम ४ चा आधार घेऊन. गाव, प्रभाग, दुकान निवडा आणि रेशन किती आलं, कुणाला गेलं, रोजगार हमीचं काम कुणाला मिळालं ते बघा. त्यातही उणिवा असतील, पण माहिती कुणाला, कशासाठी हवी आहे हे विचारून ते बांधलं. ब्रिटनने २०१२ साली आपल्या दोन मोठ्या साइट मोडून एकच सरकारी साइट केली, तेव्हा जुन्या पत्त्यांवरून आलेल्या माणसाला त्याच विषयाच्या नव्या पानावर नेण्याचं काम आधी हाती घेतलं आणि काढलेली पानं राष्ट्रीय अभिलेखागाराच्या वेब संग्रहात ठेवली. साधी माणसंही घर बदलताना जुन्या दारावर नवा पत्ता चिकटवून जातात. आपल्याकडे जुनं दारच विटांनी बुजवलं आणि त्यावर मान्यवरांचा फोटो लावला.

मी पहिलं अपील केलं आहे. सुनावणी होईल तेव्हा होईल. तिथेही नाही जमलं तर आयोगाकडे दुसरं अपील, आणि आयोगाकडची रांग तुम्हाला ठाऊक आहे. दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५,००० रुपये दंडाची तरतूद कायद्यात आहे, ती किती वेळा वापरली जाते हेही ठाऊक आहे. मला कुणाचा दंड नको. एक कागद हवाय.

तेव्हा साहेब, आता सरळ बोलतो. पोर्टल तुमच्या सोयीसाठी नाही. ‘उपलब्ध आहे’ असं सहीनिशी लिहिताना ते उपलब्ध आहे की नाही ते पाहण्याची जबाबदारी तुमची आहे, एका सत्तरी ओलांडलेल्या बाईची नाही. लिंक द्यायला तुम्हाला अर्धा मिनिट लागला असता. लिंक चालत नाही हे कळलं असतं, तर ते आयटीला कळवणं हेही तुमचंच काम. तुम्हीच काढलेलं परिपत्रक तुमच्याच फाइलमध्ये आहे, तुमच्या टेबलापासून दहा पावलांवरच्या कपाटात. क्रमांक आणि दिनांक माझ्या अर्जात लिहिलेला आहे. काढा, झेरॉक्स मारा, पोस्टाने पाठवा. पानाला दोन रुपये हा दर आहे, मी आनंदाने भरले असते. पण तुमचं उत्तर मुदत उलटून गेल्यावर आलंय, त्यामुळे कलम ७, पोटकलम ६ प्रमाणे ते दोन रुपयेही तुम्हाला आता मागता येत नाहीत.