‘पेट्रोलनं ब्लँकेट पुसा, काही होत नाही’ : छापखान्यांत फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

गेल्या महिन्याभरात हा मेसेज मला चार जणांनी पाठवला, चौघेही छापखानेवालेच. ब्लँकेट म्हणजे ऑफसेट मशीनवरची, शाई कागदावर उतरवणारी रबरी चादर. मेसेजचा मजकूर थोडक्यात असा : ‘आपल्या बापजाद्यांनी पेट्रोल-रॉकेलनं मशीन धुतलं, कुणाला काही झालं नाही. वनस्पती तेलाचे वॉश (मशीन धुण्याची द्रवं) महाग असतात, शाई काढत नाहीत, रबर फुगवतात. भीतीच वाटत असेल तर पटकन उडणारं एखादं नवं सॉल्व्हेंट (शाई विरघळवणारं द्रव) घ्या. त्यावर बंदी नाही, म्हणजे धोका नाही.’ ऑफसेटवर तेवीस वर्षं काढलेला माणूस म्हणून मला हे वाचून राग आला. शेवटचा सल्ला सगळ्यांत घातक आहे, म्हणून आधी त्याच्याविषयी.

जपानमध्ये ओसाकातल्या एका छोट्या छापखान्यात रंगीत प्रूफं काढायचं काम चालायचं. प्रूफ म्हणजे नमुन्याच्या मोजक्या प्रती काढायच्या की ब्लँकेट पुसायचा, मग पुढचा रंग. दिवसाला शेकडो वेळा पुसणं. त्यासाठी डायक्लोरोमिथेन आणि १,२-डायक्लोरोप्रोपेन ही दोन सॉल्व्हेंटं वापरत. पहिल्यावर सरकारी नियम होते, दुसऱ्यावर त्या काळी तसे नव्हते. दुसरं २००६ पर्यंत चालू राहिलं. जागा बंदिस्त, हवा बाहेर जायची धड सोय नाही. २०१२ मध्ये बातमी फुटली. संशोधक शिन्जी कुमागाई आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, प्रूफ विभागात वर्षभर तरी काम केलेल्या ५१ पुरुषांपैकी ११ जणांना पित्तनलिकेचा कर्करोग झालेला आढळला. निदानाच्या वेळी वय २५ ते ४५. हा एरवी म्हातारपणाचा आजार. पुढे त्या एका छापखान्यातला आकडा १७ वर गेला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१४ मध्ये १,२-डायक्लोरोप्रोपेनला पहिल्या गटात घातलं, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. ती मुलं राबत होती तेव्हा त्यावर बंदी नव्हती. ‘बंदी नाही म्हणजे धोका नाही’ असं लिहिणाऱ्यानं हे एकदा वाचावं.

आता ‘कुणाला काही झालं नाही’. कुणी तपासलं होतं? पेट्रोलमध्ये बेंझिन असतं, त्यानं रक्ताचा कर्करोग होतो. हेक्झेन असतं, ते हातापायांच्या नसा खातं. टोल्यूइनसारख्या सॉल्व्हेंटच्या वाफा वर्षानुवर्षं छातीत गेल्या की विसराळूपणा, चिडचिड, झोप उडणं सुरू होतं. डेन्मार्कनं रंगाऱ्यांमधला हा मेंदूचा विकार १९७० च्या दशकातच व्यवसायजन्य आजार मानला. आपल्याकडे मशीनमन संध्याकाळी डोकं धरून बसला तर ‘उन्हाचं आहे’ म्हणून सोडून देतात. माझ्यासोबतच्या एका हेल्परच्या बोटांची कातडी हिवाळ्यात चिरून रक्त यायचं. रात्री खोबरेल चोळायचा आणि सकाळी तोच हात पुन्हा पेट्रोलच्या बोळ्यात. हे ‘काही होणं’ नाही का? आणि आग वेगळीच. पेट्रोलची वाफ पुण्या-नागपुरातल्या कुठल्याही थंडीत पेट घेऊ शकते. वनस्पती तेलाच्या वॉशमध्ये त्या तेलापासून केलेली एस्टर नावाची द्रवं असतात, त्यांना पेट घ्यायला साधारण शंभर अंशांच्या वर तापवावं लागतं.

रबर फुगतं या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धंच. सगळे एस्टर सगळ्या रबरांना चालत नाहीत. यूव्ही (अतिनील) किरणांनी वाळणाऱ्या शाईचे रोलर वेगळे, साध्या शाईचे वेगळे. डबा घेण्याआधी रोलरवाल्याला विचारायलाच हवं. पण थिनरमधलं टोल्यूइनही नेहमीच्या नायट्राइल रबराला चांगलंच फुगवतं, त्याविषयी मेसेज गप्प आहे.

आणि शाई निघत नाही हे साफ खोटं. डेन्मार्कच्या ऑफसेट छापखान्यांत १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हे वॉश वापरात आहेत, १९९० च्या दशकात ‘सबस्प्रिंट’ या युरोपीय प्रकल्पानं ते इतर देशांत नेले. फक्त पद्धत बदलावी लागते. पेट्रोल लावलं, पुसलं, उडालं, असं इथं होत नाही. तेल लावून थोडं थांबायचं, कोरड्या फडक्यानं शाई उचलायची, मग ओल्या फडक्यानं तेलाचा थर काढायचा. आम्ही पहिल्या आठवड्यात ओलं फडकं विसरायचो आणि सुरुवातीचे कागद फिकट यायचे. चूक आमची, वॉशची नाही. वाळून कडक झालेली शाई मात्र याला पटकन दाद देत नाही, हे कबूल. सांडलं तर फरशी निसरडी होते. तेलकट फडक्यांचा ढीग आतून तापून पेटू शकतो, म्हणून ती झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच ठेवायची.

ग्रेव्ह्युअरचं, म्हणजे कोरलेल्या सिलिंडरवरून होणाऱ्या छपाईचं, गणित वेगळं आहे. खाद्यपदार्थांच्या वेष्टनाच्या शाईत भारतीय मानक ब्युरोच्या २०२० च्या मानकानं टोल्यूइनला मनाई केली, तिथं इथाइल ॲसिटेटसारखी सॉल्व्हेंटं आली. तीही पेट घेणारीच, तेव्हा वायुवीजन सुटत नाही.

राहिली किंमत. लिटरला महाग, हे खरं. पण पेट्रोलचा मोठा भाग हवेत उडून जातो, म्हणजे पैसे देऊन आपण वाफ विकत घेतो. एस्टर फडक्यावरच राहतं. आमचा डबा पेट्रोलच्या डब्यापेक्षा कितीतरी जास्त दिवस पुरतो. हिशेब लिटरवर नाही, धुण्यावर मांडा.

डबा घेताना सेफ्टी डेटा शीट, म्हणजे त्या द्रवाच्या धोक्यांची माहिती देणारा कागद, मागा. तिसऱ्या भागात घटक असतात, नवव्यात पेट घेण्याचं तापमान. घटकांत ७८-८७-५ हा रसायनाचा ओळख-क्रमांक दिसला तर तेच ओसाकाचं १,२-डायक्लोरोप्रोपेन. मागच्या दिवाळीत एकानं ‘हर्बल वॉश’ म्हणून पाच लिटरचा डबा आणून ठेवला. शीट मागितली, तर त्यानं फोन उचलणंच बंद केलं. झाकण न उघडता डबा परत पाठवला.