रुंद चाकं घेण्याआधी मडगार्डच्या आत हात घालून बघा

परवा एका मित्राचा मेसेज आला. काळ्या अलॉय चाकांचा फोटो आणि खाली एकच ओळ: "साडेनऊ इंच रुंद आहेत, माझ्या गाडीला बसतील ना?" मी विचारलं, ऑफसेट किती आहे, म्हणजे चाक किती आत-बाहेर बसणार? तर म्हणे, "ते सोड रे, दिसतायत कसली बघ!"

मला हसायचा अधिकार नाही. चार वर्षांपूर्वी मीही अगदी असाच फोटो बघून चाकं घेतली होती.

माझ्या सेडानला कंपनीतून आलेली चाकं सतरा इंची. रिम साडेसात इंच रुंद, ऑफसेट ४५, टायर २२५/४५ आर १७ (म्हणजे रुंदी २२५ मिमी, साईडवॉलची, म्हणजे बाजूच्या भिंतीची, उंची त्याच्या ४५ टक्के, रिम १७ इंची). बाजूने बघितलं की चाकं मडगार्डच्या आत दोन बोटं खोल बसलेली दिसायची, आणि ते मला सारखं खुपायचं. एवढी दणकट गाडी आणि पाय असे बारीक! मग घेतली अठरा इंची, साडेनऊ रुंद, ऑफसेट ३५. वर २५५/३५ चे टायर. दुकानदाराने बसवून दिले, अलाइनमेंट केलं, मी घरी आलो आणि गाडी लावून जिन्यापर्यंत जाताना तीनदा मागे वळून बघितलं. खोटं कशाला सांगू, उभी गाडी देखणी दिसत होती.

मजा चौथ्या दिवशी संपली. मागे तीन जण बसलेले, रस्त्यात एक साधा खड्डा, आणि मागून 'खर्रर्र'. पुढच्या उंचवट्याला पुन्हा तेच. सगळ्यांना सोडून आल्यावर मोबाइलचा टॉर्च घेऊन गुडघ्यावर बसलो. मागच्या मडगार्डची आत दुमडलेली कड घासून चांदीसारखी चमकत होती. टायरच्या खांद्यावर गोल फिरलेली एक खाच, नखाने ओढावी तशी सरळ. आणि आतल्या प्लास्टिकवर रबराची बारीक भुरी पडलेली, खोडरबराने खाडाखोड केल्यावर वहीत पडते तशी. पुढे स्टेअरिंग पूर्ण वळवून बघितलं तर तिथल्या प्लास्टिकवर अर्धचंद्र कोरला गेलेला.

त्या रात्री पहिल्यांदा कागद-पेन्सिल घेऊन बसलो. हे गणित आधी करायचं असतं, पण असो.

ऑफसेट म्हणजे काय, तर रिमच्या रुंदीची बरोब्बर मधली रेषा आणि रिम हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) जिथे टेकते तो भाग, या दोघांमधलं अंतर, मिलिमीटरमध्ये. रिमवर 'ईटी' असं लिहून पुढे आकडा असतो तो हाच. आकडा कमी झाला की चाक बाहेर सरकतं, वाढला की आत जातं. आता माझा हिशोब. साडेसातवरून साडेनऊ म्हणजे दोन इंच वाढले, ५०.८ मिमी. त्यातले निम्मे बाहेर आणि निम्मे आत, म्हणजे दोन्हीकडे २५.४. त्यात ऑफसेट दहाने कमी, म्हणून सगळं चाक आणखी दहा मिमी बाहेर. शेवटी बाहेरची कड ३५.४ मिमी बाहेर आली आणि आतली १५.४ मिमी आत गेली. साडेतीन सेंटिमीटर! ज्या मडगार्डमध्ये मला दोन बोटं मोकळी दिसत होती, तिथे मी दोन बोटांचा माल कोंबला होता. आणि ती दोन बोटं रिकामी नव्हतीच. खड्ड्यात चाक वर येतं तेव्हा त्याला लागणारी जागा होती ती.

ऑफसेट ४५ च ठेवला असता तर? मग आतली कड पूर्ण २५.४ मिमी आत गेली असती, आणि पुढच्या चाकाला आतल्या बाजूला शॉकअ‍ॅब्जॉर्बरची नळी उभी असते. बऱ्याच गाड्यांत तिथे बोट जेमतेम शिरेल एवढीच फट असते. म्हणजे साडेनऊ इंची रिम माझ्या गाडीला कुठल्याच ऑफसेटने नीट बसणार नव्हती. ही गोष्ट पाच मिनिटांच्या बेरीज-वजाबाकीत कळली असती. मी मात्र महिनाभर रंग कोणता घ्यावा यावर डोकं चालवत होतो.

उंचीच्या बाबतीत मी नशिबाने वाचलो. २२५/४५ आर १७ चा व्यास काढा: २२५ चे ४५ टक्के म्हणजे १०१ मिमीची साईडवॉल, ती दोनदा, अधिक सतरा इंच. ६३४ मिमी भरतो. २५५/३५ आर १८ चा ६३६. जवळजवळ सारखाच, त्यामुळे स्पीडोमीटर, एबीएस, गिअरिंग यातलं काही बिघडलं नाही. पण याच अठरा इंची रिमवर कोणी २४५/४० टाकला, तर व्यास ६५३ होतो, तीन टक्के जास्त. आकड्यांत किरकोळ वाटतं, पण चाकाचा वरचा काठ जवळजवळ सेंटिमीटरभर वर येतो. शिवाय काटा शंभर दाखवतो तेव्हा गाडी आधी पळायची त्यापेक्षा तीन टक्के जास्त पळत असते.

आता ज्या गोष्टीबद्दल कोणीच बोलत नाही, ती. लोड इंडेक्स. टायरवर मापाच्या पुढे ९१ डब्ल्यू, ९४ वाय असं काहीतरी लिहिलेलं असतं, त्यातला आकडा म्हणजे टायर किती वजन पेलतो ते. ९१ म्हणजे ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. माझे जुने २२५ चे टायर ९१ चे होते. २५५/३५ आर १८ हा साध्या प्रकारात येतो ९० मध्ये, म्हणजे ६०० किलो. रुंदी तीन सेंटिमीटरने वाढली आणि वजन पेलायची ताकद कमी झाली! कारण ताकद नुसत्या रबराच्या रुंदीत नसते, आत कोंडलेल्या हवेत असते, आणि बुटक्या साईडवॉलमुळे हवेला जागाच कमी उरते. म्हणून या मापात एक्सएल (एक्स्ट्रा लोड, म्हणजे जास्त वजन पेलणारा) लिहिलेला ९४ चा टायर घ्यायचा आणि त्यात हवाही थोडी जास्त ठेवायची. माझ्या टायरवर एक्सएल होतं, पण ते मी मागितलं म्हणून नव्हे. दुकानात त्या दिवशी तोच शिल्लक होता.

"पण ग्रिप वाढते ना?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. वाढते, मात्र लोक समजतात त्या कारणाने नाही. दीड हजार किलोची गाडी, एका चाकावर साधारण ३७५ किलो, हवा ३२ पीएसआय. भागाकार केला तर जमिनीला टेकणारं क्षेत्रफळ १६५-१७० चौरस सेंटिमीटर येतं, आपला पंजा पसरून ठेवावा तेवढं. टायरच्या स्वतःच्या ताठपणामुळे खरा आकडा थोडा इकडेतिकडे होतो, पण मुद्दा असा की वजन तेच आणि हवा तीच असेल तर रुंद टायरने हे क्षेत्रफळ फारसं वाढत नाही. त्याचा आकार बदलतो. लांबट ठसा आडवा होतो. आडव्या ठशामुळे वळणावर टायर लवकर प्रतिसाद देतो, रबर कमी मुरगळतं, सलग जोरात चालवली तरी उशिरा तापतं. हे सगळं खरं आहे आणि मलाही जाणवलं. पण पावसात हाच आडवा ठसा उलटतो. समोरचं जास्त रुंद पाणी त्याला बाजूला सारावं लागतं, आणि ठसा आखूड असल्याने त्यासाठी वेळ कमी मिळतो. एकदा साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगली; जुन्या चाकांवर त्या वेगाला असं कधीच झालं नव्हतं. स्टेअरिंग अचानक हलकं झालं, जणू त्याला खाली काही जोडलेलंच नाही. सेकंदभरच, पण पुढचे दहा किलोमीटर कोणी बोललं नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: ग्रिप हवी असेल तर आधी रबर बदला, रुंदी नंतर. कंपनीच्या मापातच चांगल्या कंपाउंडचा, म्हणजे चांगल्या रबर-मिश्रणाचा, टायर घातला तर जो फरक पडतो, तो स्वस्तातल्या २५५ ने कधीच पडत नाही. उलट ज्याचं सगळं बजेट रिममध्ये संपतं तो मग टायरमध्ये काटकसर करतो. रस्त्याला टेकतं ते टायर, रिम नाही.

वजनाचंही सांगतो. घरच्या वजनकाट्यावर आधी मी उभा राहिलो, मग जुनं चाक कवेत घेऊन, मग नवं. (बायकोने फोटो काढून ठेवलाय, तो इथे टाकणार नाही.) जुनं टायरसकट साडेएकोणीस किलो, नवं चोवीस. एका चाकामागे साडेचार किलो, आणि हे वजन स्प्रिंगच्या खालचं. डिकीत अठरा किलोची पिशवी ठेवणं वेगळं आणि चार पायांत साडेचार-साडेचार किलोचे वाळे घालणं वेगळं. चाक खड्ड्यात आपटल्यावर शॉकअ‍ॅब्जॉर्बरला ते आवरायला जास्त कष्ट पडतात. रुंद रिमपैकी ज्या हलक्या असतात त्या फोर्ज्ड (दाबून घडवलेल्या) किंवा फ्लो-फॉर्म्ड (ओतून मग रोलरने दाबून ताणलेल्या) असतात आणि महाग असतात. दिसायला हुबेहूब तशीच पण ओतीव रिम मिळते, तेव्हा घेण्याआधी हातात उचलून बघा.

शिवाय स्टेअरिंग. चाकं बाहेर सरकली की रस्त्यावरच्या प्रत्येक चरीमागे गाडी आपलीआपण जाऊ लागते, आणि ब्रेक दाबताना एक चाक ओल्यात नि एक कोरड्यात असेल तर स्टेअरिंग हाताला हिसका देतं. हबच्या बेअरिंगवर ताण येतो तो वेगळाच.

बोल्टबद्दल मात्र मी गंभीर आहे. फोक्सवॅगन आणि आउडीच्या मूळ बोल्टचं बूड गोलाकार असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयना ६० अंशांच्या शंकूचे बोल्ट लागतात. एकाचे दुसऱ्यात घट्ट बसल्यासारखे वाटतात, पण टेकतात फक्त एका बारीक कडेवर, आणि चालता चालता सैल होतात. मधल्या भोकाचंही तसंच. गाडीचा हब ५७.१ मिमीचा आणि रिमचं भोक ७३.१ चं असेल, तर मध्ये योग्य मापाची रिंग हवीच. नाहीतर चाक बरोबर मध्यावर बसेलच याची खात्री नाही, आणि मग कितीही बॅलन्सिंग करा, ऐंशीच्या पुढे स्टेअरिंग थरथरत राहतं. स्पेसर (चाक बाहेर सरकवायला हब आणि रिममध्ये घालायची चकती) टाकत असाल तर बोल्टही तेवढेच लांब हवेत. बोल्ट जेवढा जाड, निदान तेवढ्या लांबीचे आटे आत गेले पाहिजेत. चाकं बसवल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच घट्ट करणाऱ्या पान्याने) पुन्हा तपासा. हवेच्या गनने 'टर्रर्र' करून दिलेला बोल्ट किती घट्ट आहे हे ती गन चालवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

मडगार्डची कड आत वळवून घेणे, कॅम्बर वाढवून चाकं तिरकी करणे, रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवणे, हे सगळे उपाय मला सुचवले गेले. पहिला समजू शकतो, पण तो करताना रंग तडकला तर तिथे गंज धरतो. दुसऱ्याने टायरची आतली कड काही महिन्यांत झिजून जाते. तिसऱ्याबद्दल मला बोलायचंच नाही.

"अरे, कंपन्याच रुंद चाकं देतात की!" देतात. १९८६ मध्ये विक्रीला आलेल्या पहिल्या बीएमडब्ल्यू एम३ ला चारही चाकांवर २०५/५५ आर १५ होते, आजच्या एम३ कॉम्पिटिशनला मागे २८५ आहेत. पण ती पहिली गाडी सुमारे १२०० किलोची होती आणि आजची १७०० च्या वर आहे. आणि मुख्य म्हणजे त्या २८५ साठी मडगार्ड, सस्पेन्शन, स्टेअरिंग सगळं नव्याने आखलेलं आहे. आपण फक्त शेवटची पायरी उचलतो आणि म्हणतो, जिना चढलो.

शेवटी मी काय केलं? आधी मोजलं. मुलांची खेळायची क्ले आणली, तीन सेंटिमीटर जाडीचे गोळे मडगार्डच्या आतल्या कडेला चिकटवले, जुनी चाकं लावली, गाडीत चार जण बसवले आणि मुद्दाम उंचवट्यांवरून नेली. परत येऊन गोळे किती दबलेत ते पट्टीने बघितलं. पुढे शॉकअ‍ॅब्जॉर्बर आणि टायर यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक सरकवून फट मोजली. मग सतरा इंचीच रिम घेतली, आठ इंच रुंद, ऑफसेट ४५, वर २३५/४५. दोन्ही बाजूंना रिम फक्त सहा-साडेसहा मिमी वाढली. साईडवॉल तर जुन्यापेक्षा चार-पाच मिमी जास्तच, १०६ ची. व्यास दीड टक्क्यापेक्षा कमी वाढला, लोड इंडेक्स ९४. फोटोत कोणाला बदल कळत नाही. वळणावर मला कळतो.

ती अठरा इंची चाकं अजून माझ्याकडेच आहेत, चादरीखाली. दोनदा गिऱ्हाईक आलं, दोघांनीही पहिला प्रश्न रुंदीचा विचारला. दुसऱ्याच्या गाडीला पुढे एक लावून बघितलं, स्टेअरिंग वळवलं, खर्रर्र. तो म्हणाला, "थोडं घासतंय, चालेल." मी चाक काढून परत चादरीखाली ठेवलं. कोणाला हवी असतील तर कळवा, पण गाडी घेऊन या. क्ले माझ्याकडे आहे.