समोरच तर आहे!

माझे दीर नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड दोनदा चढलेत. ही बातमी मला लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळली आणि त्यानंतर चौतीस वर्षं दर दिवाळीला नव्याने कळत आली आहे. त्यामुळे लेकीकडे रोमला गेल्यावर चौथ्या दिवशी भाऊजी "रांगा लावून बघायचं ते काय बघणं, वहिनी?" म्हणाले, तेव्हाच माझ्या गुडघ्यांनी पुढचं ओळखलं.

लेकीने तेल ओतलं. रोमच्या उत्तरेला साठेक किलोमीटरवर बार्बारानो रोमानो नावाचं गाव आहे, तिथे रोमनांच्याही आधीच्या एत्रुस्कन लोकांची थडगी आहेत, तीही भर जंगलात. "सोपं आहे गं आई. आधी थडगी बघायची, मग बिएदानो नदीच्या घळीतून चालत ब्लेरा गावाला जायचं, सात-आठ किलोमीटर, आणि तिथून बस पकडायची." यातले 'सोपं' आणि 'बस' हे दोन शब्द सोडले तर बाकी सगळं खरं निघालं.

घळ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे शिवथरघळ येते, समर्थ येतात, दासबोध येतो. इथे समोर आला तो एक खड्डा. त्या मुलखाचा नकाशा काढायचा तर हाताचा पंजा टेबलावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवावी. दीडेक लाख वर्षांपूर्वी व्हिको नावाच्या ज्वालामुखीने सगळीकडे राख ओतली (आता तिथे निळंशार तळं आहे, जणू आपण त्या गावचेच नाही). राखेचा दगड झाला आणि ओढ्यांनी तो खरवस कापावा तसा कापला. बोटं म्हणजे पठारं, बोटांमधल्या फटी म्हणजे घळी. माणसं राहायची बोटांच्या टोकांवर, कारण शत्रूला चढताना धाप लागली पाहिजे. शत्रू येऊन गेले, आता मी आले.

आमच्या ह्यांनी पोचल्या पोचल्या त्या दगडाला नख लावून पाहिलं. तांबूस, भोकाभोकांचा, मधे मधे काळे खडे. "जांभा!" रत्नागिरीच्या माणसाला जगात कुठेही जांभाच भेटतो. भाऊजी जन्माने तिथलेच, पण पुण्यात राहून शहाणे झालेले. त्यांनी समजावलं की हा राखेचा दगड, ह्याला इकडे तूफो म्हणतात. ह्यांनी विचारलं, "चिरा पडतो का त्याचा?" पडत होता. गावातली घरं त्याच चिऱ्यांची होती. "मग जांभाच," म्हणून ह्यांनी विषय संपवला.

पहिलं थडगं पठाराच्या कडेवरून छान दिसलं. पलीकडच्या कड्यात कोरलेलं, झाडीतून अर्धं डोकावणारं. "समोरच तर आहे," भाऊजी म्हणाले. कावळ्याला दोन मिनिटं लागली असती. आम्हाला आधी पाताळात उतरायचं होतं. दगडात कापलेल्या पायऱ्या, पण इतकी शतकं पाय आणि पाणी दोन्ही त्यांवरून गेलेलं, त्यामुळे पायरी अशी राहिलीच नव्हती, पन्हळ झाली होती. पन्हळीत ओकची ओली पानं, पानांखाली शेवाळ, दोन्ही बाजूंना माझ्या दुप्पट उंचीच्या भिंती आणि त्यांतून लोंबणारे नेचे. मी बसून उतरले. घरी सगळ्यांना भाऊजी 'वहिनी घसरल्या' असं सांगतात. मी बसून उतरले.

खाली ओढा. ह्यांनी बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, पंचगंगेत स्नानाला उतरावं तसं पाऊल टाकलं आणि मार्चमधलं ते पाणी लागताच तोंडातून जो शब्द काढला, तो मी ह्यांच्या तोंडून फक्त एकदा, पेन्शनच्या कागदांवरून ऐकला होता. पलीकडे काटेरी जाळी. ब्लॅकबेरी फळ म्हणून कितीही गोड असो, झुडूप म्हणून आपल्या बोरीची सख्खी बहीण आहे. माझी ओढणी अजून तिथेच कुठेतरी असेल.

आणि मग वर चढून, एका काळोख्या दारातून वाकून आत गेलो तर काय, घर! सान जूलियानोच्या त्या पठाराभोवती शेकडो थडगी आहेत आणि त्यांतली मोठी, ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातली, खरोखर घरासारखी कोरलेली आहेत. वर पाहिलं तर छताला वासे. दगडाचे वासे! ज्यांना काहीही पेलायचं नाही, तरी कोरलेले, कारण घर म्हटलं की आढं-वासे हवेतच. मधे दिवाणखाना, बाजूला खोल्या, खोल्यांत दगडी पलंग. डोकं टेकायची जागासुद्धा उचलून घेतलेली. जिवंत माणसं मात्र लाकूड-मातीच्या घरांत राहिली, आणि ती घरं केव्हाच मातीला मिळाली. राहायचं पन्नास वर्षं, तिथे कूड. मरायचं कायमचं, तिथे पक्कं बांधकाम. हिशेब पाहिला तर चूक नाही. आमच्या डोंबिवलीच्या फ्लॅटपेक्षा त्या थडग्याची उंची जास्त होती, हे मी तिथे बोलले नाही, कारण फ्लॅट ह्यांनी घेतला होता.

भूक लागली होती. मी एका पलंगावर फडकं पसरून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. हे दारातच अडले. "मेलेल्याच्या अंथरुणावर बसून जेवायचं?"

"अहो, सुतक फिटून अडीच हजार वर्षं झाली. या."

आले. खाली घोंगडं नसल्यामुळे दोन दशम्या झाल्यावर गारठलेही. आदल्याच दिवशी रोमच्या व्हिला जूलिया संग्रहालयात आम्ही भाजलेल्या मातीचं ते प्रसिद्ध जोडपं पाहिलं होतं. चेर्व्हेतेरीला सापडलेलं, ख्रिस्तपूर्व ५२० च्या सुमाराचं. नवरा-बायको एकाच पलंगावर रेलून पंगतीला बसल्यासारखे, दोघंही गालात हसतायत. एत्रुस्कन बायका पुरुषांच्या शेजारी रेलून जेवत म्हणून ग्रीकांनी त्यांची यथेच्छ बदनामी करून ठेवली आहे. शेजाऱ्यांचं ते कामच असतं. संग्रहालयात लेक सांगत होती, ह्या बायकांना स्वतःची नावं होती. रोमन बाईला बापाच्या कुळाचंच नाव मिळायचं. इकडे रामथा, थाना, वेलिया अशी स्वतंत्र नावं कोरलेली सापडतात. अक्षरं ग्रीकांकडून घेतलेली, उजवीकडून डावीकडे लिहिलेली, वाचता येतात. पण भाषा ना लॅटिनच्या नात्यातली ना संस्कृतच्या, त्यामुळे नावांपलीकडे बराचसा मजकूर डोक्यावरून जातो. डॉक्टरांच्या चिठ्ठीच्या बरोबर उलटं. तिथे अर्थ ठाऊक असतो, अक्षर लागत नाही.

माझं नाव लग्नात बदललं. ताटातल्या तांदळावर ह्यांनी अंगठीने लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि दुसऱ्या दिवशी त्या तांदळाची खीर झाली. रामथाबाईंचं दगडात आहे. "भाऊजी, मला एक दशमी वाढा," मी म्हटलं आणि कोपरावर रेलले. त्यांनी वाढली. काळोखात ते कुठे बघत होते ते दिसलं नाही.

हरणाच्या थडग्याला जायचंच होतं. पायऱ्यांच्या बाजूला हरणावर झेपावलेला लांडगा की कुत्रा कोरलेला आहे, तेच इथल्या अभयारण्याचं बोधचिन्ह. ते आणखी एका 'समोरच तर आहे' पलीकडे होतं. तिथे मी हरणाच्या बाजूने होते.

ब्लेरापर्यंतच्या घळीचं वर्णन मला करता येणार नाही, कारण मी पायांकडे बघत होते. पायांकडे जे होतं ते सांगते: पाणी, गोटे, मुळं, चिखल, पुन्हा पाणी. मधेच पाणचक्क्यांचे पडके अवशेष, आयव्हीने गिळलेले. वाट दाखवायला झाडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्या रंगवलेल्या, पण नेमकं झाड आडवं झालं की पट्टी कुठल्या दिशेला म्हणायची? भाऊजींनी आपली बुद्धी वापरून एकदा शॉर्टकट काढला. त्याविषयी घरात न बोलण्याचं ठरलं आहे. वाटेत ते धीर द्यायला सांगत होते की ब्लेराजवळ सान जोवेनालेला १९५६ मध्ये स्वीडिश लोकांनी उत्खनन सुरू केलं, तेव्हा स्वीडनचे राजे सहावे गुस्ताव अडॉल्फ स्वतः खणायला यायचे. "राजा गुडघ्यांवर बसायचा, वहिनी!" राजाला उठवायला माणसं असतील.

संध्याकाळी घळ जराशी रुंदावली आणि तीन कमानींचा रोमन पूल आला. त्याचं नाव सैतानाचा पूल. मला नावात काही आश्चर्य वाटलं नाही. पुलावरून मान वर केली तर कड्याच्या माथ्यावर ब्लेरा, घरांच्या खिडक्यांत दिवे लागलेले. भाऊजींनी तोंड उघडलं. "म्हणू नका," मी म्हटलं.

वर चढणाऱ्या रस्त्याच्या कडेला कड्यात काळ्या दारांची ओळ होती. ही पण थडगीच, पण चालू वापरातली. एकात लाकडं रचलेली, एकात कोंबड्या, आणि तिसऱ्यात, मी डोळे चोळले, आमच्या गल्लीत भाजी घेऊन येते तशी तीनचाकी गाडी. पियाज्योची आपे! आपे म्हणजे इटालियनमध्ये मधमाशी, हे मला तिथे कळलं. बारामतीच्या कारखान्यात बनते म्हणून मी तिला इतकी वर्षं आपल्याकडचीच समजत होते. ह्यांना तर माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं. आतून टोपी घातलेले आजोबा बाहेर आले. ह्यांनी दोन्ही हातांनी बस काढून दाखवली. आजोबांनी कॅलेंडर असल्यासारखा हवेत हात फिरवला, बोट उभं करून हलवलं आणि म्हणाले, "दोमेनिका." रविवार. रविवारी बस नाही.

मग त्यांनी माझ्या बुटांकडे पाहिलं, मागच्या हौद्यातली लाकडं एका बाजूला सारली आणि गोणपाट अंथरलं. जागा एकाचीच होती. "वहिनींना जाऊ दे," भाऊजी उदारपणे म्हणाले. त्यांनी न म्हणताही मी चढले होते.

गाडी फटफटत थडग्यातून बाहेर पडली. पहिल्या वळणावर दोघं भाऊ खाली दिसले, एक बूट हातात घेतलेला, एक कमरेवर हात ठेवून उभा. मी लाकडांवर कोपर टेकून रेलले आणि ओरडून सांगितलं, "चला लवकर! समोरच तर आहे!"